पोहत येणारा हार

"पाणी अजून ओढतंय गो," देवराम गुरव म्हणाला. माझ्या हनुवटीखाली पंच्याची गाठ मारता मारता त्याने मानेनेच खाडीकडे दाखवलं. "ती झावळी बघ कशी चाललीय."

झावळीचा एक सुका तुकडा समुद्राच्या दिशेने निघाला होता. घाई नव्हती त्याला, पण थांबतही नव्हता.

"थांबेल आता," मी म्हटलं. "सव्वादोन झाले. मी हिशेब केलाय."

"हिशेब होय," गुरव म्हणाला. "पाण्याला सांगितलंस?"

मी हसले. एकवीस वर्षांची होते, आणि डोक्यावर केळीच्या पानात गुंडाळलेला शेवंती-तुळशीचा हार पंच्याने घट्ट बांधलेला होता. हसण्यापलीकडे दुसरं काही सुचणारच नव्हतं. पलीकडे, बाराशे मीटरवर, बेट उन्हात लखलखत होतं आणि तिथून तबल्याचा आवाज पाण्यावरून सपाट सरकत येत होता. नरहरीबुवांचा पूर्वरंग ऐन भरात आला होता.

आमच्या माडवेळचं हे सगळं वेगळंच आहे, ते आधी सांगायला हवं. नारायणाचं थोरलं देऊळ गावात, आणि धाकटं खाडीच्या तोंडावरच्या बेटावर. माघातल्या एकादशीला दुपारी बेटावर कीर्तन असतं. कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण संपलं की मध्यंतरात बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात आणि मग उत्तररंगाची कथा लागते, हे सगळीकडेच आहे. पण आमच्याकडे तो हार गावातल्या देवळातून येतो, आणि येतो तो पोहत. आम्हा केळुसकरांच्या घरातलं माणूस हार डोक्याला बांधून खाडी ओलांडतं आणि ओलेत्या अंगानेच बुवांच्या गळ्यात घालतं. हार भिजला तरी चालतो. पण तो आल्याशिवाय उत्तररंग नाही. तोवर बुवा टाळ-चिपळ्यांवर नामाचा गजर चालू ठेवतात, आणि आमच्याकडच्या लोकांना तो गजरच कथेपेक्षा जास्त आवडतो की काय, अशी मला लहानपणी शंका यायची.

एकतीस वर्षं माझ्या बाबांनी हार नेला. त्या वर्षी पौषात ते कालवं काढायला गेले आणि खडकावरून घसरले. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मला भाऊ नाही. देवस्थान समितीची बैठक आमच्याच ओटीवर बसली, आणि चिटणीस मोरेश्वरकाका बाबांना म्हणाले, "भिकाजी, वाईट वाटून घेऊ नको. बेटावर हणमंताची मशीन आहे. दोन मिनिटांत हार पोचतो. पर्यटक पण बघतील. बुवांची सत्तरी उलटली, त्यांना तरी किती वेळ ताटकळत ठेवायचं?"

प्लास्टरवर चढलेली एक मुंगी बाबा बोटाने बाजूला करत राहिले.

"मी नेते," मी म्हटलं.

बायकांनी हार नेऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण तसं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. म्हणून नाही म्हणायला कुणाला कारण सापडेना. शेवटी मोरेश्वरकाकांनी तोड काढली. ह्या वर्षी कालिंदीने न्यावा. हार मध्यंतराला पोचला तर पोहण्याची चाल पुढे चालू. नाही पोचला, किंवा वाटेत पोरीला कुणी उचलावं लागलं, तर पुढल्या वर्षापासून हार मशीनवर, कायमचा. बाबांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात एकतीस वर्षं होती, आणि ती आता माझ्या डोक्यावर बांधली गेली होती.

हणमंत लोखंडे त्याच्या तीन वर्षं आधी जतहून आला होता. बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला, जिथे गावातलं कुणी फिरकत नसे, त्या वाळूच्या पुळणीवर त्याने झापाची खोपटी टाकली. दोन जेट-स्की (गाव त्यांना नुसतं 'मशीन' म्हणायचं), चार कयाक, एक ती हवेने फुगवायची पिवळी केळ्यासारखी बोट. मुंबई-पुण्याची माणसं यायची, किंचाळत भिजायची, परत जायची. हणमंत दिवसभर केशरी लाइफ-जॅकेट घालून असायचा. "झोपताना पण काढत नसेल," असं पोरं म्हणायची. गावाने त्याचं नाव 'घाटावरचा' ठेवलं होतं. पण रोज संध्याकाळी देवळात भजन असो, प्रवचन असो, हा सगळ्यात मागे खांबाला टेकून बसलेला. बुवांचं कीर्तन असलं तर दुपारपासून आंघोळ करून तयार.

सरावाला मी पहाटे पाण्यात उतरायचे, तेव्हा तो मशीन घेऊन बाजूला यायचा.

"अर्ध्या तासाचं काम. मी दोन मिनटात करतो," तो म्हणायचा. "देवाला लवकर मिळाला तर नको हाय व्हय?"

"देवाला चालेल. बुवांना नको. त्यांना गजर रंगवायला अर्धा तास लागतो."

"मग मी हार घिऊन आलो की बाहेर थांबतो अर्धा तास."

"जाहिरातच करायची असेल तर बॅनर लाव की."

ह्यावर एकदा मशीनची धडधड कमी करून तो म्हणाला, "जाहिरात न्हाई गं. तीन वर्सं झाली मला हितं. समदी वळखत्यात, पण अजून एका घरात 'ये आत, च्या घे' म्हणून कुणी बोलावलं न्हाई. म्हटलं, देवाचा हार आणल्याला माणूस अंगणात तर उभा करणार न्हाईत."

मी पाण्यात तोंड घातलं आणि पोहत सुटले.

एकादशीच्या त्या दुपारी त्याच्याकडे एवढंच काम होतं की, लांबून माझ्या मागे राहायचं. बाकी सगळ्या होड्या माणसं पोचवून बेटाला लागल्या होत्या, आणि सगळा गाव कीर्तनात बसला होता.

मी गुरवाच्या पाया पडले, खाडीच्या पाया पडले आणि उतरले.

पहिले दोनशे हात म्हणजे नुसता आनंद. माघाचं पाणी आधी चावतं आणि मग मिठी मारतं. मान वर, हात समोर, तळवे बाहेर फाकवत, बेडकासारखे पाय. डोक्यावरच्या केळीच्या पानाचा हिरवा वास. समोरून ठेका येत होता, त्याच्यावर मी हात मारत होते. मला बुवांचं कीर्तन इतकं पाठ होतं की घड्याळाची गरजच नव्हती. आवाज चढला की अभंगाचं दुसरं चरण. मध्येच तबला थांबून हशा आला की दृष्टांत. पहिला हशा आला तेव्हा मी एक तृतीयांश खाडी मागे टाकली होती. अगदी वेळेवर. मी पाण्यातच हसले आणि एक घोट खारं पाणी गिळलं.

मग मी कळसाकडे बघितलं.

बाबांनी शिकवलेली खूण अशी: देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं उंडीचं मोठं झाड एका रेषेत दिसलं पाहिजे. आता झाड कळसाच्या डावीकडे सरकलं होतं. मी हात जोरात मारले. झाड आणखी डावीकडे. सगळ्या खाडीचं पाणी त्या एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं, आणि ते अजून पडतच होतं. थांबलं नव्हतं. थांबायचं नावही नव्हतं.

असं कसं? भरतीचा हिशेब आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, सव्वादोनला, ओहोटी संपून पाणी थबकतं. त्याच वेळी खाडी सगळ्यात अरुंद असते आणि गरीब गायीसारखी उभी राहते. मी चार वेळा हिशेब केला होता. बुवांनाही मीच वेळ दिली होती: पावणेतीनला मध्यंतर.

मी कळसाच्या दिशेने, पाण्याच्या तोंडावर, वेड्यासारखी हात मारत सुटले. शंभर हात मारले आणि दहा हात पुढे गेले. पंचा सैल होऊन पानाची कड डोळ्यावर आली. एका हाताने ती वर सारली तेवढ्यात जेवढी पुढे आले होते तेवढी मागे गेले. दुसरा हशा ऐकू आला. दुसरा दृष्टांत. त्यानंतर मध्यंतर.

मशीन घरघरत आलं. हणमंत वाकला. त्याच्या हातात दोरी होती.

"धर."

"नको."

"कालिंदी, तू बाहेर चाललीयास."

"माहीत आहे."

"मग धर की. जीव मोठा का हार?"

"दोरी धरली तर हार तू आणलास असं होईल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दोरी गुंडाळली, मशीन वळवलं आणि माझ्या खालच्या अंगाला, जिथे पाणी मला नेत होतं, तिथे गेला. मला कळलं, मी सुटलेच तर आपोआप त्याच्यावर जाऊन आदळेन अशा बेताने तो उभा राहत होता. मशीनने एक खोकला दिला, दुसरा दिला आणि आवाज बंद झाला.

अचानक सगळं शांत. नुसतं पाणी, आणि पाण्यावरून येणारे टाळ.

"बंद का केलंस?" मी ओरडले.

तो क्षणभर खाली बघत राहिला. त्याचा अंगठा हँडलवरच्या बटणावर पुन्हा पुन्हा टेकत होता. मला वाटलं, चाळा आहे.

"तुला बुवांचा आवाज ऐकू यावा म्हणून," तो म्हणाला. "ऐकू येतोय?"

"येतोय."

"मग ऐक. सरळ देवळाकडं जाऊ नगंस. पाण्याशी भांडून कोण जिकलंय? तो शेवटचा काळा खडक बघ, माझ्या पुळणीच्या टोकाचा. माझी कयाकवाली पब्लिक वाहून गेली की रोज तितनंच परत येती. खडकामागं पाणी उलटं फिरतंया. पाण्याबरूबर तिरकी जा आन् खडक गाठ. तितनं ते तुला आपसूक आत घील."

"आणि तू?"

"मी येतो की मागनं. मशीनवर दोन मिनटाचं काम. तू हो म्होरं."

मी पाण्याशी भांडणं सोडलं. तोंड काळ्या खडकाकडे केलं. त्याच क्षणी पाणी माझ्याशी नीट वागायला लागलं, म्हणजे बाहेर नेतच होतं, पण आता त्या नेण्यात माझंही काही चालत होतं. एक हात, दोन हात. एकदा वळून बघितलं. हणमंत माझ्यापासून बराच लांब दिसला, उभा, एक हात वर केलेला. शाबासकी देतोय असं समजून मी पण हात वर केला.

आणि तेव्हा गजर उसळला.

तीनशे माणसं एका तालात नाम घेत होती. बुवांनी निरूपण संपवलं होतं, आणि हार आला नव्हता. मी कान देऊन हात मारायला लागले. 'नारा' ला हात पुढे, 'यण' ला पाय. 'नारा', 'यण'. छाती फुटायला आली होती, दंड शिशाचे झाले होते, पण ताल काही सुटत नव्हता; सुटू देत नव्हते ते लोक. मध्ये गजर संथ झाला की मला धसका बसायचा, आता थांबतात, आता थांबतात. की बुवांचा खणखणीत आवाज एकटा वर जायचा आणि त्याच्यामागून सगळे पुन्हा दुप्पट जोराने. आयुष्यात मी शेकडो कीर्तनं ऐकली आहेत. पण कीर्तन अंगाला धरून ओढतं, हे मी त्या दिवशी खडकापर्यंतच्या त्या पाचशे हातांत अनुभवलं.

खडकाला वळसा घातला आणि पाण्याने मला उचलून आत टाकलं. हणमंत म्हणाला होता तस्संच. गुडघा कालवांवर चिरला गेला, वाळू पायाला लागली. मी उठले. पडले. पुन्हा उठले आणि धावले. उलट्या घातलेल्या कयाकांमधून, त्या पिवळ्या बोटीवरून उडी टाकून, केवड्याच्या बनातल्या पायवाटेने, काटे-बिटे काही न बघता. डोक्यावरचा पंचा एका हाताने धरलेला. देवळाच्या मांडवात शिरले तेव्हा लोक दोन्ही बाजूंना फाकत गेले. कुणीतरी रडत होतं. ती आमची शेजारीण होती, हे मला नंतर कळलं.

बुवा घामाने न्हाले होते. तीन वीस झाले होते. पस्तीस मिनिटं त्यांनी एकट्याने तो गजर खांद्यावर घेतला होता. मी केळीचं पान सोडलं. हारातली निम्मी शेवंती खाडीने घेतली होती. मध्ये मध्ये नुसता दोरा आणि तुळस. बुवांनी मान खाली केली. मी हार घातला. माझ्या केसांतलं पाणी त्यांच्या उपरण्यावर पडलं.

"उशीर झाला, बुवा."

"छे गं बाळ," ते हळूच म्हणाले. आवाज पार फाटला होता. "माझेच दृष्टांत लवकर संपले."

बुक्का फिरला. मोरेश्वरकाकांनी माझ्याकडे न बघताच माझ्या कपाळाला बुक्का लावला, आणि मग बघितलं, आणि त्यांचे डोळे भरले होते. बाबा पुढच्याच रांगेत प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन कोसळले. त्यांनी आपला पंचा माझ्या अंगावर टाकला. बुवांनी उत्तररंगाला सुरुवात केली.

थोड्या वेळाने बाबा माझ्या कानाशी आले. "पाणी थांबलं नव्हतं?"

"नाही."

"किती वाजता उतरलीस?"

"सव्वादोन. अकराची पाऊणपट करून."

बाबा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागले. मग अंगठा थांबला. "अगो," ते म्हणाले, "आपली एकादशी भागवत. पंचांगातली एकादशी काल झाली. आज चंद्राची द्वादशी. पाणी चंद्राचं ऐकतं, आपल्या उपासाचं नाही. तीनला थांबलं असणार ते." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "मी पण विचारलं नाही. चार दिवस सगळ्या गावाच्या तोंडात एकादशी, एकादशी."

मला हसू आलं. आता हसायला हरकत नव्हती. हार पोचला होता.

"घाटावरचा कुठाय?" बाबांनी विचारलं.

"मागून येतो म्हणाला."

"तू येऊन पाव तास झाला. मशीनचा आवाज आला नाही."

मी मागे खांबाकडे बघितलं. जागा रिकामी होती. आणि मग डोळ्यांसमोर त्याचा अंगठा आला. बटणावर पुन्हा पुन्हा टेकणारा. मशीनचे ते दोन खोकले. वर केलेला हात.

कीर्तन चालू असताना मध्ये उठायचं नाही, हे आम्हाला पाळण्यातच शिकवतात. तहान लागली तरी नाही, मूल रडलं तरी नाही. मी उठले. बाबांनी माझा हात धरला नाही. मी सरळ पुढे गेले आणि बुवांच्या समोर उभी राहिले. ते कथेच्या ऐन वळणावर होते, एक हात वर उचललेला.

"बुवा, थांबा," मी म्हटलं. "हणमंत बाहेर वाहून चाललाय. त्याचं मशीन बंद आहे."

पेटी बंद झाली. माझ्या मागून मोरेश्वरकाका म्हणाले, "अगं, पण कथा अर्धी सोडून..."

"कथा कुठे जाते मोरेश्वर," बुवा म्हणाले. "माणूस चाललाय. होड्या काढा."

तीन होड्या सुटल्या. मी यशवंत खवणेकरच्या होडीत होते. पाणी आता थांबलं होतं, पण तासापूर्वीचं पाणी त्याला केव्हाच घेऊन गेलं होतं. बाबांनी मांडवातूनच दिशा सांगितली होती: बाहेरच्या खडकाच्या पुढे, डावा हात धरून. आम्ही डोळे ताणत होतो. प्रत्येक लाट केशरी दिसत होती. यशवंत एकसारखा म्हणत होता, "जॅकेट आहे त्याच्याकडे, जॅकेट आहे," आणि मीही तेच म्हणत होते.

दोन मैलांवर सापडला. मशीन एका अंगाला कललं होतं, त्याच्या पोटात जाळ्याच्या दोरीचा हा एवढा गुंता अडकलेला. हणमंत वर पाय पोटाशी घेऊन बसला होता, दोन्ही हातांनी हँडल मिठीत घेतल्यासारखं धरून. ओठ पांढरे. आम्ही होडी लावली तरी हात सोडेना. यशवंतला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

होडीत आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "हार पडला का गळ्यात?"

"पडला."

"पोहून?"

"पोहून."

तो फळीला टेकला. जरा वेळाने मला राग आला.

"मशीन बंद पडलं तर सांगायचं ना. आणि जॅकेट होतं तर पोहत का नाही आलास माझ्याबरोबर?"

तो माझ्याकडे न बघता बोलला. "आमच्या जतला हिरीत बादली बुडत न्हाई. पोहायला कुठनं शिकणार? मला येत न्हाई पोहायला. पाण्यात उतरलो की हातपाय गोठत्यात. तीन वर्सं हे जॅकेट घालून लपवलंय."

यशवंतने सुकाणूवरचा हात बदलला.

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस," हणमंत म्हणाला. "तुझ्यात दम उरलाच किती हुता. मला ओढत बसली असतीस, तर दोघं गेलो असतो. आन् तिकडं म्हातारा बुवा गजर करत उभा हुता."

आम्ही परत आलो तेव्हा सूर्य कलला होता. बुवा खरंच उभे होते. तीच जागा, गळ्यात तोच अर्धा हार. पेटीवाल्याने सांगितलं, बसा म्हटलं, पाणी घ्या म्हटलं, काही ऐकलं नाही. होडी किनाऱ्याला लागल्याचा आवाज आल्यावर म्हणे त्यांनी चिपळ्या उचलल्या. हणमंत दोघांच्या आधाराने आला आणि सवयीने मागच्या खांबाकडे वळला. बुवांनी नुसता हात केला, पुढे ये. बाबांनी प्लास्टरचा पाय ओढून घेत जागा केली. मग बुवा म्हणाले, "तर मंडळी, आपण कुठे होतो?" आणि अर्धं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून, एक शब्दही न गाळता, फाटक्या आवाजात त्यांनी कथा पुढे नेली. आरती झाली तेव्हा दिवेलागण झाली होती.

प्रसाद वाटता वाटता मोरेश्वरकाका हणमंतापुढे थांबले. "तर मग, तुझं काय म्हणणं? पोरीला उचलावं नाही लागलं, पण वेळ तर गेली. ठरल्याप्रमाणे पुढल्या वर्षी मशीन..."

"माझी मशीन बंद पडली काका," हणमंत म्हणाला. "पोरगी पडली न्हाई. कशाला इचारता?"

काकांनी मान डोलावली आणि त्याच्या हातावर प्रसाद दोनदा ठेवला.

त्या रात्री तो आमच्याकडे जेवला. उपासाचं. आईने त्याला ओटीवर नाही, माजघरात पाट मांडला. तो पाटावर बसताना अडखळला, आणि बाबा म्हणाले, "बस रे. पाणी नाही ते."

दुसऱ्या दिवशी पारणं आटोपून मी सवयीने खाडीवर गेले. अंग नुसतं ठणकत होतं, पण मन घरात बसेना. गुडघाभर पाण्यात कुणीतरी उभं होतं. केशरी जॅकेट.

"शिकव," हणमंत म्हणाला.

"आत्ता?"

"न्हाईतर माझं मन बदलंल."

मी त्याला कमरेइतक्या पाण्यात नेलं. त्याचे दात वाजत होते, आणि पाणी काही इतकं गार नव्हतं. जॅकेटचे पट्टे त्याने स्वतःच सोडले. तिसऱ्या पट्ट्याला बराच वेळ लागला. जॅकेट वाळूवर फेकलं तेव्हा आत एक बारीक, काटकुळा माणूस निघाला. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिलाच नव्हता.

"आता काय करू?"

"काही करू नको. उताणा हो. मान मागे टाक, पाठीखाली माझे हात आहेत."

"सोडणार न्हाईस?"

"सोडेन. सांगून सोडेन."

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. कुठला अभंग होता, ते मी विचारलं नाही. त्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. पुढे त्याने तीनदा हार आणला, केळुसकरांच्या घरचं माणूस म्हणून, डोक्याला पंचा बांधून, पोहून. गावातल्या कितीतरी पोरांना पोहायला त्यानेच शिकवलं. पण मला आठवतं ते त्या सकाळचं. तीन वर्षं ज्याने समुद्रावर पोट भरलं, त्याने पहिल्यांदा समुद्रावर पाठ टेकली, आणि पायाचे अंगठे हळूहळू, एकामागून एक, पाण्याच्या वर आले.

"हात काढतेय," मी म्हटलं.

"काढ," तो म्हणाला.